माघातला पाऊस

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरची बाई मोठ्या जहाजात बसून परदेशातले बेट बघून आली असे सांगितले, तर तुमच्यातले निम्मे हसतील आणि उरलेले विचारतील, "पैसे कुठून आणलेत?" दोन्ही रास्त आहे. म्हणून पैशाचे आधी सांगून टाकते. आमचा धाकटा मुलगा पर्यटकांच्या जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो. तिथे काही वर्षे काढलेल्या माणसाला आईवडिलांना थोडक्या भाड्यात आठवडाभर जहाजावर नेता येते. विमानाचे तिकीटही त्यानेच काढले. आमच्या पदरचे गेले ते पासपोर्टच्या हेलपाट्यांना आणि एका नव्या छत्रीला. ती छत्री पहिल्याच दिवशी मोडली.

ही गोष्ट 2019 सालच्या फेब्रुवारीतली, म्हणजे माघ महिन्यातली. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. भात, थोडी नाचणी, घरामागे बारा हापूस आणि वरकस जमिनीत काजू, एवढाच पसारा. माघात आंबा मोहरलेला असतो, काही झाडांना कणी धरलेली असते. अशा वेळी आभाळ नुसते भरून आले तरी जीव खालीवर होतो. घर सोडून जायची ही वेळच नव्हे. पण मुलाची सवड त्याच्या हातात नसते. जहाज जिथे असेल आणि साहेब हो म्हणतील, तेव्हा जायचे. गुरे जाऊबाईंच्या हवाली केली आणि निघालो.

मनात एक गोष्ट धरून निघाले होते, तीही सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. मुलाचा नऊ महिन्यांचा करार एप्रिलात संपत होता. तो दरवेळी संपतो, मुलगा दीड-दोन महिने घरी राहतो आणि नवा करार करून जातो. असे सहा करार झाले. त्याचे बाबा साठी ओलांडलेले, गुडघा दुखतो, लावणीला माणूस मिळत नाही. या खेपेस त्याला सरळ विचारायचे, की बाबा रे, कायमचा येणार आहेस की नाही? असे आम्ही दोघांनी ठरवले होते. म्हणजे विचारायचे ह्यांनी, असे मी ठरवले होते.

मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत मॉरिशस. घड्याळ दीड तास मागे केले. पोर्ट लुई हे तिथले राजधानीचे बंदर, तिथे जहाज उभे होते. जहाजाचे वर्णन करत बसत नाही. पाण्यावर एक अख्खे गाव उभे आहे असे समजा, फक्त गुरे नाहीत. मुलगा भेटला तो रात्री साडेदहाला, दहा मिनिटे. अंगात पांढरा डगला, मनगटावर भाजल्याचा डाग.

"उद्या जहाज इथेच आहे. तुमची दोघांची बसची सहल सांगून ठेवलीय. बेट बघून या."

"आणि तू?"

"मला ड्युटी आहे, आई."

मला बेट बघायचे नव्हते. मला त्याच्याजवळ अर्धा तास बसायचे होते. पण त्याने पैसे भरले होते, आणि भरलेले पैसे फुकट घालवणे आमच्या घरात कोणालाच जमत नाही.

सकाळी उठून बघते तर पाऊस. साधासुधा नाही, आषाढातल्यासारखा. माझ्या तोंडून निघून गेले, "गेला मोहोर!" हे म्हणाले, "अगं, मोहोर तिकडे आहे." तेव्हा कुठे भानावर आले. तिथे आपल्या उलट असते. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उन्हाळा आणि पाऊस एकत्र, आणि समुद्रातली चक्रीवादळेही याच दिवसांत. आपण जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत असतो तेव्हा त्यांची ऊसतोड सुरू होते, ती डिसेंबरापर्यंत चालते.

बसमध्ये चाळीस माणसे, बहुतेक गोरी. सगळ्यांना पातळ प्लास्टिकचे अंगरखे वाटले. ते डोक्यावरून घेतल्यावर मला आमच्या लावणीच्या इरल्याची आठवण झाली. इरले बरे, आत वारा तरी खेळतो. यात माणूस उकडतो. माहिती सांगणारी मुलगी पुढे उभी राहून फ्रेंच आणि इटालियनमध्ये बोलत होती. आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. आम्ही आपसात बोलत होतो ते ऐकून ड्रायव्हरने आरशातून बघत हिंदीत विचारले, "आप लोग मराठी?"

"हो," हे म्हणाले. "रत्नागिरीचे."

तो म्हणाला, "मैं भी मराठी." आणि मग थोडे थांबून, लाजल्यासारखे, "बोलता नहीं आता. आजी बोलती थी."

हा मनुष्य पंचावन्नच्या घरातला. मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक थोडे, पण आहेत. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. शाळेत मुलांना मराठी हा विषय घेता येतो. ह्यांनी त्याला विचारले, गणपतीत तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, "झाकरी." आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. झाकरी म्हणजे आमची जाखडी! गौरी-गणपतीला कमरेत वाकून, गोल धरून पोरे नाचतात तीच. मराठी बोलणे गेले, पण नाच राहिला. बसचे वायपर फटाफट चालले होते, तो स्टिअरिंगवर बोटांनी त्या नाचाचा ठेका धरून दाखवू लागला. ठेका अगदी बरोबर होता.

आता बघण्याच्या ठिकाणांचे सांगते, ते लवकर आटोपेल. पहिले ठिकाण क्युरपीप गावाजवळ, विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. समोर पांढरे धुके होते. खाली खोल खड्डा आहे, असे त्या मुलीने सांगितले. आम्ही विश्वास ठेवला. दुसरे गंगा तलाव. उंच पठारावरचे गोल तळे, तेही जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले. 1972 साली त्यात गंगेचे पाणी आणून मिसळले, तेव्हापासून हे नाव. काठावर शंकराची 108 फुटी मूर्ती, 2007 साली उभारलेली. आम्हांला दिसली ती पायापासून कमरेपर्यंत. त्यावरचा महादेव ढगात होता, आणि खरे सांगायचे तर तो तसाच शोभत होता. महाशिवरात्र त्या वर्षी 4 मार्चला होती. लाखो माणसे पांढरे कपडे घालून, खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून तिथे पायी येतात. रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी मांडव उभे राहू लागले होते, बांबू पावसात भिजत होते. गोरी मंडळी बसमधून उतरलीच नाहीत. आम्ही उतरलो, तळ्याचे पाणी डोळ्यांना लावले. तिथेच छत्री उलटी होऊन तिच्या तीन काड्या गेल्या.

खरे बघितले ते बसच्या काचेतून. दुतर्फा ऊस. डोंगर लागेपर्यंत ऊस, डोंगर संपला की पुन्हा ऊस. डच लोकांनी 1639 साली जावा बेटावरून तो इथे आणला. पुढे फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी सगळे बेटच उसाखाली घातले. बेट तरी केवढे? आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा पाव भागही भरणार नाही. ऊसच का, याचे उत्तर ड्रायव्हरने एका वाक्यात दिले: वादळ आले की झाड मोडते, ऊस आडवा होतो आणि पुन्हा उठतो. खोडवेही भरपूर घेतात, सहा-सात तरी, मग मोडून नवी लागण.

पण ह्यांची नजर उसावर नव्हती. शेताच्या मधोमध काळ्या दगडांच्या राशी दिसत होत्या. काही पुरुषभर उंच, काही घराएवढ्या. त्यांच्या कडा नीट रचलेल्या, देवळाच्या जोत्यासारख्या. एक संपली की दुसरी. आम्ही कोकणातली माणसे, कातळ फोडून आणि गडगे रचून आमचे हात झिजलेत. एवढ्या दगडाला किती हात लागले असतील, हे आम्हांला न सांगता कळते.

"हे कोणी रचले?" ह्यांनी विचारले.

"सगळी जमीन लाव्हाची. दगडाशिवाय काही नव्हतं. आधी गुलामांनी वेचले, मग आपल्या लोकांनी."

"आपल्या" म्हणाला तो. गुलामगिरी तिथे 1 फेब्रुवारी 1835 ला संपली. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. मुंबईच्या जहाजांतून आपल्या कोकणातली माणसे गेली, घाटावरचीही गेली. शिडाची जहाजे, कित्येक आठवड्यांचा प्रवास.

पुढे डोंगर उतरून शामारेल नावाच्या ठिकाणी गेलो. तिथली सात रंगांची माती प्रसिद्ध आहे. तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळी अशा रंगांच्या टेकड्या एकाला एक लागून, लाटांसारख्या. आम्ही गेलो तेव्हा पाऊस तिरका मारत होता आणि सातांपैकी दोनच रंग ओळखू येत होते. हे कठड्यावरून वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर आपली जांभी माती. हिला तिकीट?" मला हसू आवरेना. पण म्हणणे चुकीचे नव्हते. आमचा जांभा जसा काळ्या पाषाणाचा झालेला, तशीच ही मातीही. हजारो वर्षे पाऊस पडत राहतो, दगडातले बाकीचे सत्त्व धुऊन नेतो, लोखंड आणि अॅल्युमिनियमचा अंश मागे राहतो, त्याचाच तो रंग. आमच्या दारात फुकट आहे, तिथे लोक तिकीट काढून रांगेत उभे होते.

मंडळी दुकानात कॉफी प्यायला गेली. आम्ही पत्र्याच्या आडोशाला ड्रायव्हरबरोबर उभे राहिलो. त्याच्याकडे दीड आर्पां जमीन. तिकडे जमीन आर्पांत मोजतात. आपल्या एकरापेक्षा जरासा मोठा. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी ऊस केला, त्यानेही केला. युरोपात तिथल्या साखरेला पूर्वी चांगला, ठरलेला भाव मिळे, तो कमी होत गेला. लहान शेतकऱ्याला तोडणी परवडेना. त्याच्या गावात कितीतरी शेते पडीक आहेत. त्याचाही ऊस चार वर्षांपूर्वी मोडला, आता गवत आहे. मुलगा इंग्लंडात, इस्पितळात नर्सचे काम करतो.

"येतो का?" ह्यांनी विचारले.

"दो साल में एक बार."

"त्याला विचारलंत कधी, कायमचा ये म्हणून?"

ड्रायव्हर हसला. म्हणाला, विचारले असते, तर त्याने हो म्हटले असते. तो तसाच आहे. मग इथे येऊन काय करणार, ते मला सांगावे लागले असते.

हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की न बोलणे खपून गेले.

परतताना बस पश्चिम किनाऱ्याने आली आणि एक गंमत झाली. घाट उतरलो तशी ढगाची कड संपली. खाली रस्ता कोरडा, ऊन, निवडुंग. आपल्याकडे आंबा घाट चढून कोल्हापूरच्या दिशेला गेलो की पाऊस जसा मागे राहतो, तसेच. वारा आग्नेयेकडून येतो, पठारावर वर्षाला 4,000 मिलिमीटरपर्यंत पाऊस टाकतो आणि पश्चिमेला येईतो रिकामा होतो. तिथे जेमतेम 900. कास्काव्हेल गावाजवळून जाताना ड्रायव्हरने बोट दाखवले, या भागात मराठी वंशाचे लोक बरेच आहेत म्हणाला. घरे सगळी सिमेंटची, वर सपाट छप्पर. मी विचारले, कौले कुठेच कशी नाहीत? त्याने सांगितले, 1960 साली कॅरोल नावाचे वादळ आले, त्यात हजारो घरे गेली, त्याच्या आजोबांचेही. तेव्हापासून लोक सिमेंटचेच घर बांधू लागले. हे लगेच म्हणाले, "आपली कौलं या मेमध्ये फिरवायला पाहिजेत. माजघरात गळतंय."

बस बंदराशी थांबल्यावर ड्रायव्हरने आम्हां दोघांना हाताने थांबवले. बाकीचे जहाजाकडे गेले. तो म्हणाला, हे ठिकाण सहलीत नाही, पण तुम्ही बघा, पैसे पडत नाहीत. आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवून, हात जोडून, बस घेऊन गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले.

ते आप्रवासी घाट. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, 1987 साली नाव बदलले. काळ्या दगडाच्या काही भिंती, फरशी, छोटे संग्रहालय. 2006 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर या बेटात आली. घाटावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला माणूस त्या चढून आत यायचा, दोन दिवस तिथे राहायचा, मग मळ्यावर नेला जायचा. पुन्हा पाऊस सुरू झाला होता, बारीक. पायऱ्या ओल्या होत्या.

आत एका मुलाने आम्हांला हिंदीत सगळे समजावून सांगितले. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचे. सुरुवातीला करार संपल्यावर परतीचे भाडे मिळे, पुढे तेही बंद केले. प्रत्येकाला नंबर. 1860 नंतर फोटोही काढू लागले. वहीत नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण. त्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत, लोक त्यांत आपले गाव शोधतात. काही माणसे परत गेली, बहुतेक राहिली.

भिंतीवर जुने फोटो होते. एक पोरगा, विशीतला. अंगाला पंचा, छातीशी नंबराची पाटी. तो कुठला, ते लिहिलेले नव्हते. ह्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि बराच वेळ बघितले.

ह्यांच्याबद्दल एक सांगायचे राहिले. लग्नाआधी हे मुंबईत गिरणीत होते. सतरा-अठराव्या वर्षी गेलेले. 1982 च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि तो संप कधी संपला ते कोणालाच कळले नाही. हे गावी आले ते शेतीसाठी नाही, दुसरे काही उरले नाही म्हणून आले. सासूबाई सांगायच्या, पहिले वर्षभर पोरगा नांगराकडे बघत नव्हता. ही गोष्ट हे स्वतः कधी सांगत नाहीत. त्या फोटोपुढे सांगितली. म्हणाले, "मला आईनं बोलावलं नव्हतं. मी आपला आलो."

बाहेर पडलो तर भूक लागलेली. नाक्यावर एक बाई काचेच्या पेटीतून दालपुरी विकत होती. पातळ, मऊ पोळी, आत वाटलेल्या डाळीचे सारण. आपली पुरणपोळीच, पण गोड नाही. वर घेवड्याची रस्सा-भाजी आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. मी चार घेतल्या. दोन आम्ही तिथेच उभ्याउभ्या खाल्ल्या, दोन पदराखाली धरल्या. मुलगा स्वयंपाकघरात हजार माणसांचे रांधतो, पण आईच्या हातून त्याला काही मिळाले नव्हते. निदान हे तरी.

जहाजाच्या फाटकाशी शिपायाने बोट हलवले. बाहेरचे शिजवलेले अन्न आत नेता येत नाही. पिंपात टाका. टाकायचे? ह्यांनी दोन्ही पोळ्या माझ्या हातातून घेतल्या, बाजूला झाले आणि पावसात उभे राहून शांतपणे खाऊन टाकल्या. चटणी एवढी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आले. शिपाई हसला. मग आम्हांला आत सोडले.

रात्री मुलगा आला तेव्हा अकरा वाजत होते. मोडकी छत्री मोरीत ठिबकत होती.

"काय काय बघितलंत?"

"पाऊस," मी म्हटले.

त्याला वाईट वाटलेले दिसले. "सात रंगांची माती तरी?"

"ती आपल्याकडे आहे," हे म्हणाले. मग उशी सारखी करत, त्याच्याकडे न बघता विचारले, "मेमध्ये कौलं फिरवायचीत. तू असशील का?"

मी त्यांच्याकडे बघितले. हा आम्ही ठरवलेला प्रश्न नव्हता.

"असेन की. एप्रिलच्या शेवटी उतरतोय. परतीचं तिकीट कंपनीच काढते, बाबा."

"काढते ना? नक्की?" ह्यांनी दोनदा विचारले. मुलाला कळेना, एवढे काय त्यात.

तो मेमध्ये आला. कौले फिरवली, चाळीसेक फुटकी निघाली, रिपाही बदलल्या. जुलैत लावणी संपवून तो पुन्हा गेला. पुढच्या वर्षी, 2020 च्या मार्चमध्ये रोगाची साथ आली, प्रवासी उतरले, आणि जहाजावरची माणसे समुद्रात अडकून पडली. त्याचा करार संपून दोन महिने उलटले तरी त्याला उतरता येईना. त्या दिवसांत हे रोज रात्री फोनवर एकच विचारायचे, तिकिटाचे काय झाले. जूनमध्ये तो घरी आला, चौदा दिवस शाळेत राहिला, मग घराच्या उंबऱ्यावर. त्या दिवशीही पाऊस होता. माजघरात एका कोपऱ्यात थेंब पडत होता. एवढी कौले फिरवूनही तो कुठून येतो, ते अजून सापडलेले नाही.